पदकांचा रॅक करताना आधी फीत मोजा

पदकं लावायच्या रॅकबद्दल बडोद्यातल्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सहा आज घेतले आहेत. धातूचं पदक पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. विटते, चुरगळते, फाटते ती फीत. म्हणून माझं बोलणं पुन्हा पुन्हा फितीपाशी येईल.

प्रश्न: मुलगी मल्लखांब करते. तिशीच्या वर पदकं झाली आणि सगळी दोन खिळ्यांवर एकावर एक लटकली आहेत. बैठकीत ४ फूट रुंद भिंत मोकळी आहे. सुताराला काय माप देऊ? (एक आई, दांडिया बाजार)

सुताराकडे जाण्याआधी तिची सगळ्यांत लांब फीत आणि सगळ्यांत रुंद पदक मोजा. शालेय आणि राज्य पातळीवरची पदकं बहुधा ५ ते ७ सेंटिमीटर व्यासाची असतात. फीत गळ्यातून काढून दुहेरी टांगली की साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे पदक धरून एका ओळीला अर्धा मीटर उंची हवी. दोन पदकांच्या मध्यांत ७ सेंटिमीटर ठेवले, तर ४ फुटांत एका ओळीत सतरा पदकं बसतात.

आता खरी अडचण. तीन ओळी एकाखाली एक सुट्या लावल्या तर दीड मीटर भिंत जाते. त्याऐवजी ओळी कौलांसारख्या एकमेकींवर येऊ द्या. सर्वांत वरचा दांडा भिंतीपासून ९ सेंटिमीटर पुढे, मधला ६, खालचा ३, आणि दोन दांड्यांत उभं अंतर फक्त १२ सेंटिमीटर. वरच्या फिती खालच्या फितींच्या पुढून जातात, पण प्रत्येक ओळीचं पदक आपापल्या उंचीवर पूर्ण दिसतं. सगळा रॅक पाऊण मीटरमध्ये आटोपतो. मधली ओळ साडेतीन सेंटिमीटर बाजूला सरकवून लावली, तर तिच्या फितींवरची स्पर्धेची नावंही वरच्या फितींच्या फटींतून वाचता येतात. बरेच जण याच्या उलट, खालचा दांडा पुढे काढतात. मग वरच्या ओळीची पदकं खालच्या फितींमागे दडतात.

दांडे दोन्ही टोकांना पक्के करू नका. फीत शिवून बंद केलेली असते, त्यामुळे नवं पदक अडकवायला दांडा उचलता आला पाहिजे. पडद्याच्या दांड्याला असतात तसे वरून उघडे ब्रॅकेट घ्या. नवी पदकं वरच्या, पुढच्या दांड्यावर घाला, तोच सहज निघतो. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या शहरात मल्लखांब करणाऱ्या मुलीची पदकं वाढणारच. पहिल्या दिवशी एक तृतीयांश जागा रिकामी दिसली तरी ती तशीच राहू द्या.

प्रश्न: ३ फुटांचा, १० मिलिमीटर जाडीचा स्टीलचा भरीव रॉड लावला. चाळीसेक पदकं चढवल्यावर मधोमध झोल आला. अजून जाड रॉड घ्यावा का? (मांजलपूर)

चाळीस पदकं सरासरी १०० ग्रॅमची धरली तरी ४ किलो होतात. एवढ्या भाराखाली तुमचा रॉड मधोमध ४ ते ५ मिलिमीटर वाकतो आणि नजरेला ते लगेच खटकतं. भरीव रॉड जाड करत जाण्यापेक्षा पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची पोकळ पाइप घ्या. जाडी १ मिलिमीटर असली तरी पुरे. ती तुमच्या रॉडपेक्षा हलकी, आणि वाकायला चारपटींहून जास्त कणखर. वाकण्याला विरोध करण्यात मध्यापासून दूर असलेला धातू जास्त कामाचा ठरतो. शिवाय मोठ्या गोलाईवरून फीत सावकाश वळते, कायमची घडी पडत नाही.

रॉड बदलायचा नसेल तर मध्ये एक आधार द्या. सारख्या पसरलेल्या भारात टेकूंमधलं अंतर निम्मं झालं की झोल निदान सोळापट कमी होतो.

प्रश्न: रॅक पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. वर्षभरात लाल फिती गुलाबी झाल्या. काही फवारता येईल का? (कारेलीबाग)

नाही. उडालेला रंग परत येत नाही. रॅक आजच हलवा. संग्रहालयांत नाजूक कापडावर ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात, आणि तुमच्या खिडकीतलं बडोद्याचं दुपारचं ऊन त्याच्या कित्येक पटींनी आहे.

प्रश्न: संखेड्याच्या लाखकामाचा रॅक करून घ्यावा अशी फार इच्छा आहे. चालेल का? (रावपुरा)

जरूर करा, मला ही कल्पना मनापासून आवडली. सागाचं लाकूड खरादीवर घडवून त्यावर रंग आणि लाख चढवण्याची ही कला आपल्या इतकी जवळ असताना घरोघरी तोच काळा लोखंडी रॅक का असावा? फक्त कामं वाटून द्या. बाजूचे खांब, माथ्याची पट्टी, टोकांचे लट्टू संखेड्याचे असू द्या. फिती ज्यावर टेकतात तो दांडा मात्र स्टीलचाच हवा. फिती सरकवताना लाखेचा थर घासला जातो, आणि पावसाळ्यात दमट फीत रंगीत पृष्ठभागाला महिनोन्‌महिने चिकटून राहणं दोघांनाही बरं नाही. कारागिराला नक्षीबरोबर दांड्याच्या खाचेचं मापही लिहून द्या, नाहीतर सुंदर खांब घरी येतात आणि पाइप बसत नाही.

प्रश्न: सासरे फौजेतून निवृत्त झाले. त्यांची पदकं मुलाच्या क्रिकेटच्या पदकांशेजारी एकाच रॅकवर लावावीत का? (एक सूनबाई, मकरपुरा)

शेजारी लावा, एकाच रॅकवर नको. ही पदकं छातीवर लावायची असतात. ३२ मिलिमीटर रुंदीची आखूड फीत आणि मागे पिन, त्यामुळे ती दांड्यावर शोभतच नाहीत. त्यांच्यासाठी काचेची, आतून ४ सेंटिमीटर खोल चौकट करा. क्रम कटाक्षाने पाळा: सर्वांत वरच्या मानाचं पदक घालणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे आपण समोरून पाहताना डावीकडे.

इथे फीत म्हणजे पदकाची ओळख. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशी दुरंगी फीत उलटी लागली की माहीतगाराला लगेच कळतं. सासऱ्यांचा गणवेशातला फोटो समोर ठेवून, आणि शक्यतो त्यांनाच शेजारी बसवून मांडणी करा. गोंद कुठेच लावू नका. कापड चढवलेल्या पुठ्ठ्यावर फीत सुती दोऱ्याने टाचा, म्हणजे उद्या काढता येईल.

प्रश्न: आजोबांना संस्थानी काळात कुस्तीसाठी मिळालेलं चांदीचं पदक सापडलं. काळं पडलंय, रेशमी फीत जीर्ण आहे. चकचकीत करून टांगायचं आहे. (अलकापुरी)

कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीच नको. प्रत्येक घासण्याबरोबर चांदीचा थोडा थर जातो आणि कोरलेली अक्षरं बुजतात. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, बस्स.

टांगूही नका. जीर्ण रेशमाला पदकाचं वजन पेलत नाही. किंचित उतरत्या फळीवर पदक आडवं ठेवा, फीत वर मोकळी पसरा, म्हणजे भार फळीवर येईल. फळीवर लोकरी फेल्ट किंवा रबर घालू नका. त्यातल्या गंधकाच्या वाफांनी चांदी काळी पडते. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) पेटीही टाळा, तिच्यातून आम्लाच्या वाफा निघतात. धुऊन खळ काढलेलं पांढरं सुती कापड सर्वांत उत्तम. मागच्या पट्टीवर आजोबांचं नाव, आखाडा आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. जे आठवतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना या आठवड्यातच विचारा.