दौऱ्यावर निघण्याआधी

प्रिय मित्रा,

सलाम. नाताळानंतर खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत वाजवायला आपण जातो, त्या दौऱ्यात यायचं म्हणतोस, मला फार आनंद झाला. आपल्या ब्रास बँडमधले, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्यातले, सगळे वाजवूनच पोट भरणारे. कुणी पोलीस बँडमधला, कुणी लग्नाच्या बँडमधला, कुणी शिकवण्या घेणारा. रजा काढून येतात, तिकीटही आपापलं. बिदागी नसली तरी तालमीला कुणी उशिरा येत नाही, तूही येऊ नकोस. एखाद्या दिवशी चौघेच जमलो तरी कार्यक्रम होतो. १८७८ मध्ये इंग्लंडात सॉल्सबरीला मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेच्या रस्त्यावरच्या सभांत फ्राय बापलेकांनी वाजवायला सुरुवात केली, तेही चौघेच होते.

आता सुराचं, कारण खानदेशात तिथेच फसायला होतं. जानेवारीत नंदुरबारकडे पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी चटका. हवा तापली की नळीतल्या आवाजाचा वेग वाढतो, २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. सूर चढतो. पेटी मात्र जवळजवळ जागची हलत नाही, म्हणून हलायचं आपण. सकाळी लावलेल्या स्लाइडवर, म्हणजे सूर जुळवायच्या सरकत्या नळीवर, दुपारी विसंबू नकोस. वाजवण्याआधी वाद्यात फुंकर मारून ते गरम कर आणि मगच पेटीशी सूर जुळव. वाद्य उन्हात ठेवू नकोस, माउथपीस ओठाला पोळतो.

पेटीवाला पट्टी सांगेल ‘काळी एक’. तुझ्या बी-फ्लॅट ट्रम्पेटचा स्वर कागदावर ऐकू येतो त्याहून एक सूर वर लिहितात, म्हणून तुझ्यासाठी तो लिहिलेला ई-फ्लॅट. काळी दोन म्हणजे एफ, पांढरी चार म्हणजे जी. एवढं तोंडपाठ हवं, कारण मंडळीतल्या बायका जिथून गीत उचलतील तीच पट्टी. आपल्या सोयीसाठी त्यांना वर ओढायचं नाही.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते भजनाबद्दल. पाश्चात्त्य चालीच्या गीतांना चार भाग, म्हणजे एकाच वेळी चार वेगळे सूर, शोभतात, तिथे मोकळेपणानं वाजव. पण ढोलकी-टाळांवर भजन सुरू झालं की त्याला हार्मनी चिकटवू नकोस. मींड ट्रॉम्बोनला जमते, ती त्यालाच घेऊ दे. युफोनियम, म्हणजे माझं जाड आवाजाचं पितळी वाद्य, खर्ज धरील. तू मुखडा एकदा वाजव आणि अंतऱ्याला गप्प बस. नवापूर-चिंचपाड्याच्या बाजूला घरात मावची बोलणारी माणसं आहेत, अमळनेरकडे अहिराणी. शब्द लांबवायची, श्वास घ्यायची त्यांची आपली ढब असते. ती ऐकल्याशिवाय वाजवलंस तर तुझ्या आवाजाखाली त्यांचं गाणं दबेल, आणि आपण जातो ते त्यांनी गावं म्हणून.

लग्नाच्या वरातीत मोठ्यानं फुंकायची सवय झालेली असते. प्रार्थनामंदिरात पत्र्याचं छप्पर असलं तर वरातीतल्या आवाजाच्या निम्माही पुरतो. रोज थोडा वेळ अगदी हळू, लांब स्वर धरत जा.

भुसावळ–सुरत मार्गावरची पॅसेंजर धरू, ट्यूबा त्यातच नीट मावतो. व्हॉल्व्हचं तेल, सुती फडकं आणि गोधडी आण. या खेपेला तू दुसरा ट्रम्पेट वाजवायचास, पहिल्याच्या शेजारी बसून.

तुझा,
युफोनियमवाला काका