लिलीची पाने पांढुरकी पडली? आधी पान उलटे करून बघा

ताई, एशियाटिक लिलीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके, धूळ बसल्यासारखा रंग आणि दुकानदाराने दिलेले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दोनदा फवारूनही दुखणे वाढतेच आहे, असे तुम्ही लिहिलेत. त्यात पुण्यातली गच्ची आणि एप्रिल महिना. माझा पहिला संशय लाल कोळ्यावर, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या अगदी बारीक जीवावर. पण नुसत्या संशयावर औषध मारू नका.

खालच्या पानाखाली पांढरा कोरा कागद धरा आणि पानावर टिचक्या मारा. मिनिटभर कागदाकडे बघत राहा. पडलेल्या धुळीतले काही कण सावकाश चालायला लागले, तर कोळीच. भिंगातून आठ पाय आणि पाठीवर दोन गडद डाग दिसतील. नाव लाल कोळी असले तरी बहुतेक वेळा तो पिवळट-हिरवा असतो, म्हणून लाल शोधत बसू नका. देठाच्या बेचक्यात जाळी दिसली, तर प्रकरण बरेच पुढे गेले आहे. कागदावर लांबट, चपळ किडे पडले आणि पानावर चंदेरी चट्टे व काळे ठिपके असले, तर ते फुलकिडे. त्यांचा उपाय वेगळा.

इमिडाक्लोप्रिडचा उपयोग का झाला नाही? कोळी हा कीटकच नाही. त्याचे नाते घरातल्या कोळ्याशी, माव्याशी नाही. अशा औषधांनी कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि कोळ्यांना रान मोकळे मिळते. ते आता थांबवा. (मी तर पहिल्या वर्षी बुरशी समजून बुरशीनाशक मारत बसलो होतो. कळ्या उमलायच्या आधी खालची निम्मी पाने गळाली.)

औषधाच्या आधी पाणी. भल्या सकाळी, पाइपच्या तोंडावर बोट दाबून, पानांच्या खालच्या बाजूला जोरात धार मारा. एका हाताने खोडाला आधार द्या, लिलीचे खोड पटकन मोडते. एक दिवसाआड, दहा-बारा दिवस. सकाळीच, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी येते. निम्मे काम इथेच होते, पण लोक कंटाळून तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

सोबत कडुनिंबाचे तेल. लिटरभर कोमट पाण्याला 5 मिली तेल. तेलात आधी थोडा द्रवसाबण फेटा, नाहीतर तेल वर तरंगते. एका पानावर मारून दोन दिवस बघा, मग उन्हे उतरल्यावर सगळ्या पानांच्या मागून फवारा. उमललेली फुले वगळा. याने सगळी अंडी मरत नाहीत आणि तिशीच्या तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी व्हायला जेमतेम आठवडा लागतो. म्हणून दर पाच दिवसांनी, निदान तीनदा. एकदा मारून 'गुण येत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

गंधकही कोळ्यावर चालते, पण पारा 32 अंशांच्या वर असताना पाने करपतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर निदान दोन आठवडे ते मारायचे नसते. पुण्याच्या उन्हाळ्यात मी त्याच्या वाटेला जात नाही. एवढे करूनही जाळी वाढली, तर खास कोळीनाशक घ्या. लेबलवर कोळ्याचा उल्लेख आहे का ते वाचा, प्रमाण तिथलेच पाळा आणि तेच औषध पुन्हा पुन्हा वापरू नका.

पूर्ण वाळलेली पाने काढा, पण अर्धी हिरवी असलेली राहू द्या. कंद त्यांच्यावरच पोसतो. काढलेली पाने कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. घरात मांजर असेल, तर पाने खाली पडू देऊ नका. या लिलीने मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात.

आणि शेजारच्या कुंडीत गुलाब, झेंडू किंवा वांगे आहे का? त्यांचीही पाने उलटून बघा. माझ्याकडे लिली धुऊन धुऊन दमलो, तेव्हा मूळ झेंडूत सापडले.