इंडक्शन तापून बंद पडतं आणि कंपनी म्हणते, चूक तुमची

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहते. दहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेली इंडक्शन शेगडी दहा-पंधरा मिनिटांत खूप तापते, एरर दाखवते आणि बंद पडते. सर्व्हिस सेंटरने दोनदा दुरुस्त करून दिली, तरी तेच. आता ते तोंडी सांगतात, ‘तुमची भांडी चुकीची आहेत, वॉरंटी लागू होत नाही.’ कंपनी परराज्यातली आहे. बाहेरच्या मेकॅनिककडून शेगडी उघडून घेऊ का?

उत्तर : ताई, मेकॅनिकला हात लावू देऊ नका. शेगडी बाहेर उघडली, की ‘यात फेरफार झाला’ असं म्हणायला कंपनी मोकळी होते आणि दोष मुळातला होता हे दाखवणं तुम्हाला जड जातं.

आधी घरातलं तपासा, कारण पुढे ग्राहक आयोगापुढे प्रकरण गेलं तर कंपनी हेच काढणार. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरलंय का? शेगडीतला पंखा बहुधा खालूनच हवा ओढतो. ती वाट बुजली की आतलं सर्किट तापतं. पातेल्याच्या सपाट बुडाला चुंबक घट्ट चिकटायला हवा. दोन हजार वॅटची शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर घेते, त्यामुळे ती सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. यात चूक सापडली तर स्पष्ट सांगते, तक्रार टिकणं अवघड आहे.

सगळं ठीक असेल तर मोकळा ओटा, बुडाला चिकटलेला चुंबक, चालू पंखा आणि एरर कोड असा सलग व्हिडिओ काढा. बिल, वॉरंटी कार्ड आणि दोन्ही जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेले दुरुस्तीच्या नोंदीचे कागद, जपून ठेवा. माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा पुरावा त्या जॉबशीट आहेत. भांडीच चुकीची होती, तर दोन वेळा दुरुस्त काय केलं? हा प्रश्न कंपनीला आणि विक्रेत्याला लेखी विचारा, ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही. वॉरंटी संपायच्या आत नवी शेगडी किंवा पूर्ण पैसे परत मागा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी परराज्यातली असली तरी तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोषाबद्दल वाद झाला तर आयोग कलम ३८ नुसार शेगडी सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात, तेव्हा तेवढी तयारी ठेवा आणि तोवर ती शेगडी वापरू नका.