एका सरकारने बनवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या देशाच्या सरकारने वापरलं तर लोकांना खरंच फायदा होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. साधं बघा, सरकारी अर्ज भरल्यावर "तुमचा अर्ज मिळाला" असा मेसेज येतो ना, तो पाठवायला ब्रिटन सरकारने नोटिफाय नावाची सिस्टीम बनवली आणि कोड ओपन ठेवला, म्हणजे कोणीही घेऊन वापरू शकेल असा, मग कॅनडाने तोच कोड घेतला, त्यात फ्रेंचची सोय केली आणि २०१९ मध्ये स्वतःची सेवा चालू पण केली. शून्यापासून लिहीत बसायची गरजच पडली नाही.

पण माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण एस्टोनियाचं एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांनी एकमेकांकडून माहिती मागवायची सिस्टीम. २००१ पासून चालू आहे. यात सगळा डेटा एका जागी गोळा करत नाहीत, ज्या खात्याची माहिती त्याच खात्याकडे राहते, दुसऱ्याला हक्क असेल तर तो विचारतो, तेवढंच उत्तर जातं आणि कोणी विचारलं त्याची नोंद राहते, त्यामुळे एकच कागद घेऊन माणसाला दहा खिडक्यांवर फिरावं लागत नाही. फिनलंडने हेच घेतलं, आणि २०१७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून कोड सांभाळायला एक संस्थाच काढली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण नुसता कोड टाकून दिला की दोन वर्षात तो सडतो.

आणि हो, कोड फुकट असला तरी सर्व्हर, सिक्युरिटी, भाषांतर याचा खर्च असतोच, आणि तो कोड कळणारी माणसं खात्यात पगारावर हवीत, नाहीतर परत कॉन्ट्रॅक्टरच्याच हातात जातं सगळं.