पावागड की पावागढ?

बडोद्याच्या एका वाचक भगिनीनं जवळच्या कालिकामातेच्या डोंगराच्या नावाविषयी विचारलं आहे: "आमच्या घरी सगळे 'पावागडला जाऊन आलो' असंच म्हणतात. नात गुजराती माध्यमात शिकते. ती आजीला थांबवून 'गढ म्हण, गढ' असं सांगते. मराठीत लिहिताना काय लिहावं? आणि डोंगराचा फक्त पाव भाग जमिनीवर आहे म्हणून पावागढ, हे खरं का?"

आजींनी काहीही बदलू नये. त्यांचा उच्चार अशुद्ध नाही, तो मराठीच्या वळणाचा आहे.

मूळ प्राकृत शब्द 'गढ'. हिंदी-गुजरातीनं त्यातला ढ राखला, मराठीनं त्याचा ड केला. शब्दाच्या शेवटी आलेल्या महाप्राणाचा, म्हणजे ख, थ, ढ अशा 'ह' मिसळलेल्या व्यंजनाचा, जोर कमी करायची सवय मराठीला फार जुनी आहे. गुजराती 'हाथ', आपला 'हात'. त्यांची 'भूख', आपली 'भूक'. त्यांची 'भीख', आपली 'भीक'. नेमका ढ-ड हवा असेल तर गुजराती 'दोढ', हिंदी 'डेढ' आणि आपलं 'दीड' पाहा. अर्थात हा काटेकोर नियम नव्हे. चढ, वाढ, दाढ यांनी आपला ढ सोडलेला नाही. 'गढी'तही तो टिकला आहे. पण 'गड' मात्र मराठीत पुरता रुळला, इतका की बाहेरची नावंसुद्धा आपण त्याच साच्यात घालतो. मराठी वर्तमानपत्रांत चंदीगड, अलीगड, छत्तीसगड असंच छापतात. जुनागड बिनदिक्कत लिहिणाऱ्या मराठीनं शेजारच्या पावागडापाशीच का अडावं? गुजराती मजकूर उतरवून घेताना किंवा तिथला पत्ता देताना 'पावागढ' ठेवावं. मराठी वाक्यात 'पावागड' शंभर टक्के योग्य.

मला यात उच्चारापेक्षा अर्थाचा फरक जास्त मोलाचा वाटतो. गुजरातीत 'गढ' म्हणजे मुख्यतः किल्ला, तटबंदी, डोंगराला 'डुंगर'. मराठीत गड हा किल्ला तर आहेच, शिवाय देवाचा डोंगरही गडच. वणीच्या सप्तशृंगीला जाऊन आलेला माणूस "गडावर जाऊन आलो" म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बुरूज नसतात, देवी असते. पावागडावर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. खाली चौहान राजांच्या किल्ल्याचे तट आणि दरवाजे, शिखरावर कालिकामाता. सतीच्या उजव्या पायाचं बोट इथं पडलं म्हणून हे शक्तिपीठ, अशी श्रद्धा आहे. नवरात्रात देवी स्त्रीरूपात गरबा खेळायला आली, इथल्या पतई राजानं तिचा पालव धरला आणि तिच्या शापानं राज्य बुडालं, ही कथा बडोद्यात कोणाला ठाऊक नाही? १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं हा किल्ला घेतला, त्या इतिहासाला लोकांनी दिलेलं कारण म्हणजे ही कथा. तिच्यातला 'पालव' हा पदराचा अर्थ घेऊन जुन्या मराठी कवितेतही भेटतो.

गाड्या जिथपर्यंत जातात आणि रोपवे जिथून सुटतो, त्या जागेचं नावही पाहण्यासारखं आहे: माची, गुजरातीत मांची. राजगडाच्या संजीवनी आणि सुवेळा माचीतली हीच माची. दोघींचं मूळ 'मंच'.

आता 'पाव'. कथा अशी: विश्वामित्रांची कामधेनू चरता चरता खोल दरीत पडली. तिनं दुधानं दरी भरली आणि पोहत वर आली. पुन्हा असं होऊ नये म्हणून ऋषींनी दरी बुजवण्याची प्रार्थना केली, तेव्हा देवांनी एक पर्वत पाठवला. तो तीन हिस्से दरीत गेला आणि पाव हिस्सा वर उरला. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते, त्यामुळे कथा आपल्याला घरची वाटते. दुसरी व्युत्पत्ति 'पवना'वरून सांगतात, कारण वर चहूबाजूंनी वारा झोडपतो. मराठी घरांतून 'पावणारी देवी' असाही अर्थ लावला जातो. तो भक्तीला शोभतो, पण शब्दाच्या इतिहासाला धरून नाही.

माझ्या मते मूळ नाव नुसतं 'पावा'. जैनांच्या प्राकृत निर्वाणकांडात रामाचे दोन पुत्र आणि लाट देशाचे (म्हणजे दक्षिण गुजरातचे) राजे जिथं मोक्षाला गेले त्या डोंगराला 'पावागिरि' म्हटलं आहे, आणि दिगंबर जैन परंपरा तो हाच डोंगर मानते. म्हणजे 'पावा' कायम राहतो आणि पुढचा शब्द गिरी किंवा गढ असा बदलतो. पारंपरिक गरब्यांतही 'पावा' आणि 'गढ' सुटे गायले जातात. चतुर्थांशाची कथा त्या नावाकडे पाहून नंतर रचली गेली असावी. त्यानं तिची गोडी कमी होत नाही. कथेवाचून नाव लोकांच्या तोंडी इतकी शतकं राहतंच असं नाही.

जाता जाता विभक्तीचं. गावाला किंवा जागेला जायचं तर 'पावागडला', डोंगर चढायचा तर 'पावागडावर'. 'रायगडला' आणि 'रायगडावर' यांत आपण जो फरक करतो तोच. "रविवारी पावागडला गेलो, माचीपर्यंत गाडीनं आणि तिथून पायऱ्यांनी गडावर" हे वाक्य आजींनी असंच बोलावं, आणि नातीनं मराठीत असंच लिहावं.