बीई कॉम्प्युटर, जर्मनी आणि सिलॅबसची शिक्क्याची प्रत

तुझी पोस्ट कालच वाचली होती, पण मोबाइलवरून एवढं टंकायचा धीर झाला नाही. आज लॅपटॉप उघडून बसलेय. वयाने बराच लहान असशील म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

नंतर वाचणाऱ्यांसाठी मूळ प्रश्न थोडक्यात: बीई कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष, जर्मनीत मास्टर्सला अर्ज करायचाय. तिकडच्या युनिव्हर्सिटीने प्रत्येक विषयात नेमकं काय शिकवलं त्याचं अधिकृत वर्णन मागितलंय. कॉलेज म्हणतं, मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट पुरे. मार्कशीटवर 'अल्गोरिदम' किंवा 'लिनिअर अल्जेब्रा' नावाचा विषयच नाही, मग तिकडच्या तक्त्यातले त्या विषयांचे रकाने कसे भरायचे? आणि इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) म्हणून ब्लॉकचेन घ्यावं की कंपायलर?

एपीएस (आपल्या कागदपत्रांची जर्मन तपासणी), भाषेची परीक्षा, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चासाठी अडकवून ठेवायचे पैसे) यावर या फोरमवर ढीगभर धागे आहेत, त्यात मी शिरत नाही. मी सल्लागार नाही, वकीलही नाही. माझा अर्ज होऊन काही वर्षं झालीत आणि नियम दर हंगामाला बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द त्या-त्या युनिव्हर्सिटीच्या पानावरचाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर: ते तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीयेत. तिथल्या प्रत्येक फॅकल्टीचं 'मॉड्युलहांडबुख' असतं. एकेका विषयाला पान-दोन पानं: काय शिकवणार, किती तास, परीक्षा लेखी की तोंडी. अर्ज तपासणारा माणूस रोज तेच चाळत असतो. त्याच्यासमोर आपण 'एम-थ्री: 67', म्हणजे गणित-3 मध्ये 67 मार्क, एवढंच लिहिलेला कागद ठेवतो. त्याने काय समजायचं?

आपल्याकडे मजकूर असतो, फक्त वेगळ्या नावाखाली दडलेला असतो. मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन हे सगळं बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या गणितात होऊन जातं, तीच तुझी लिनिअर अल्जेब्रा. प्रॉबॅबिलिटी बहुधा एम-थ्रीमध्ये लाप्लास आणि फूरिअरच्या शेजारी बसलेली सापडेल. ग्रीडी, डिव्हाइड अँड कॉन्कर, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग या अल्गोरिदमच्या पद्धती कुठे डेटा स्ट्रक्चर्सच्या शेवटच्या युनिटांत असतात, कुठे त्यांचा शेवटच्या वर्षाला स्वतंत्र विषय असतो. एनपी-कम्प्लीट (संगणकालाही अवघड जाणाऱ्या प्रश्नांचा एक वर्ग) टीओसीच्या, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या, शेवटी. जर्मनीत कॉम्प्युटर सायन्सचे ढोबळ तीन कप्पे करतात, थिऑरेटिकल, प्रॅक्टिकल आणि टेक्निकल, आणि गणित वेगळं. प्रत्येक विषय कुठल्या कप्प्यात जातो ते तुलाच एका तक्त्यात मांडून द्यावं लागतं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोप्रोसेसर, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन सरळ टेक्निकलमध्ये. वर्कशॉपमधलं फिटिंग-सुतारकाम, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, केमिस्ट्री कुठेच जात नाही, सोडून दे.

जाता जाता: मायक्रोप्रोसेसरला सगळे हसतात. 8086 ही चिप आली 1978 मध्ये, 80386 आली 1985 मध्ये, आणि आपण अजून तेच घोकतो म्हणून. पण 80386 चा प्रोटेक्टेड मोड आणि पेजिंग (मेमरी सांभाळायच्या पद्धती) ज्याने मन लावून केलंय, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमचा अर्धा विषय सोपा जातो. मला इथे जर्मनीत सगळ्यात कमी त्रास त्याच विषयाने दिला. खरं हसण्यासारखं आहे ते वेगळंच, ते खाली लिहिते.

आता ज्या गोष्टीने माझी एक अख्खी इनटेक (प्रवेशाची फेरी) घालवली ती. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

मी पास झाले तो पॅटर्न (अभ्यासक्रमाची आवृत्ती), मी दोन वर्षं नोकरी करून अर्जाला बसेपर्यंत, बदलला होता. नवा सिलॅबस वेबसाइटवर चढला आणि जुना उतरला. कॉलेजच्या लायब्ररीत जुन्याची स्पायरल बाइंडिंग केलेली एक झेरॉक्स होती, त्यातली टीईची (तिसऱ्या वर्षाची) पानंच गायब. एचओडी (विभागप्रमुख) सर भले गृहस्थ. म्हणाले, नव्या पॅटर्नवर सही-शिक्का देतो, नव्वद टक्के तेच आहे. मी नको म्हटलं, कारण मार्कशीटवरचा विषयाचा कोड आणि सिलॅबसवरचा कोड जुळत नाही हे तपासणाऱ्याच्या पहिल्या नजरेत येतं, आणि मग खऱ्या कागदांवरही संशय येतो. तुलाही कोणी असं सुचवलं तर घेऊ नकोस.

मग विद्यापीठ. आमच्या गावापासून एसटीने चार तास. परीक्षा विभागाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, सिलॅबस आमच्याकडे नसतो, शैक्षणिक विभागात जा. शैक्षणिक विभागात: सिलॅबस आमचाच, पण प्रत साक्षांकित करायचं काम परीक्षा विभागाचं. परत आले तर, "असं कोणी मागत नाही मॅडम, ट्रान्सक्रिप्ट घ्या, सगळी पोरं तेच नेतात." ट्रान्सक्रिप्टवर विषयांची नावं आणि मार्क यापलीकडे काही नसतं हे सांगून बघितलं. शेवटी एका साहेबांनी तोडगा काढला: परदेशी विद्यापीठाचं लेटरहेडवरचं मागणीपत्र आणा, लगेच देतो. अर्जच केलेला नसताना कुठली युनिव्हर्सिटी लेटरहेडवर पत्र पाठवेल? त्यांची मागणी वेबसाइटवर लिहिलेली असते, सगळ्यांसाठी एकच. ते पान छापून नेलं, तर "हे नेटवरचं आहे." विनंतीअर्ज टपालात द्या म्हणाले, दिला. पुढच्या खेपेला तो अर्ज कुणालाच सापडेना. ज्यांना माहीत असावा ते साहेब रजेवर. हे होईस्तोवर तिकडची मुदत संपली आणि मी आणखी एक वर्ष त्याच नोकरीत, त्याच रूमवर काढलं.

संताप याचा येतो की कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं. पैसेही कुणी मागितले नाहीत. विद्या परिषदेने मंजूर केलेला दस्तऐवज, विद्यापीठाने स्वतः छापलेला, त्याच्या प्रतीवर शिक्का मारायचं टेबल कुठलं हे एवढ्या मोठ्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधून काढणं हे आपलं काम आहे असंही कुणाला वाटलं नाही. इमारतीच्या दर्शनी भागात मात्र 'विद्यार्थी केंद्रबिंदू' असा फलक! असो.

काम झालं ते माहितीच्या अधिकाराने. एका वकील मावसभावाने सुचवलं. कायद्यात नुसती माहिती नाही, प्रमाणित प्रत घ्यायचा हक्कही आहे, कलम 2(ञ) वाच. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' भरायचं, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचं. मजकूर 150 शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, हा नियम आहे, त्यामुळे तिथे आपली कर्मकहाणी लिहीत बसू नकोस. "अमुक पॅटर्नचा, अमुक शाखेचा, दुसरं ते चौथं वर्ष, मंजूर अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत", बस. 30 दिवसांत उत्तर बंधनकारक, नाही आलं तर प्रथम अपील. पानामागे 2 रुपये भरले आणि जो गठ्ठा 'आमच्याकडे नसतो' तो घरी आला, पानोपानी शिक्का मारून. शिक्क्यात माहितीच्या अधिकाराचा उल्लेख होता. इकडच्या युनिव्हर्सिटीला तो चालला, एचओडींचं इंग्रजी कव्हरिंग लेटर सोबत जोडलं होतं. मला चाललं म्हणून तुला चालेलच असं नाही, आधी ईमेल करून विचार.

तुझं मात्र एक बरं आहे, तू अजून कॉलेजात आहेस. तुझा पॅटर्न अजून वेबसाइटवर आहे. आजच्या आज चारही वर्षांच्या पीडीएफ उतरवून ठेव, नुसती लिंक ठेवू नकोस. प्रिंट काढून एचओडी आणि प्राचार्य दोघांच्या सह्या घे, गोल शिक्का प्रत्येक पानावर. शेवटच्या वर्षाच्या पोराला क्लार्क ओळखतात, सबमिशनच्या गडबडीतही शिक्का मारून देतात. पास होऊन दोन वर्षं झाली की तुला गेटवर वॉचमन अडवतो. आणि कुठेही कागद दिलास तर दुसऱ्या प्रतीवर पोच घे, आवक क्रमांक आणि तारखेसकट. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समज.

दुसरं, मार्कशीट लॅमिनेट करू नकोस. घरचे प्रेमाने करतात, माहितेय. पुढे अपोस्टिल-बिपोस्टिलची (परदेशासाठीच्या सरकारी साक्षांकनाची) वेळ आली तर लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का कुठे मारायचा यावरून वेगळी वरात निघते.

क्रेडिटांचं गणित. युरोपात वर्षाला 60 ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट) धरतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचे 160 क्रेडिट, म्हणजे वर्षाला 40. त्यामुळे आपला एक क्रेडिट साधारण दीड ईसीटीएस, चार क्रेडिटांची टीओसी झाली 6. आमच्या वेळी क्रेडिटच नव्हते, नुसते मार्क. तेव्हा मी वर्षाच्या एकूण 1500 मार्कांना 60 धरून प्रमाण काढलं, 100 मार्कांच्या पेपरला 4 आले, आणि हे कसं काढलं ते तक्त्याखाली एका ओळीत लिहिलं. लॅब आणि टर्मवर्क वेगळं दाखवू नकोस, त्या-त्या विषयात मिळवून टाक. डीबीएमएसची थिअरी आणि लॅब मिळून एक ओळ. काही युनिव्हर्सिटी स्वतःच हिशोब करतात, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही.

तक्त्यात चार रकाने पुरतात: त्यांनी मागितलेला विषय, तुझा विषय कोडसकट, त्यातले नेमके युनिट, आणि पीडीएफमधला पान क्रमांक. पान क्रमांकाला विसरू नकोस. तपासणारा दीडशे पानांत आयगेन व्हॅल्यू शोधत बसणार नाही. आणि जे सिलॅबसमध्ये नाही ते लिहायचं नाही. कन्सल्टन्सीवाले तिकडच्या मॉड्युलहांडबुखातली वाक्यं उचलून आपल्या विषयापुढे चिकटवतात. काही ठिकाणी चाचणी किंवा मुलाखत असते, तिथे भांडं फुटतं.

आता ते हसण्यासारखं. सिलॅबसमध्ये असणं आणि शिकवलेलं असणं यात आपल्याकडे केवढी दरी आहे बघ. आमच्या टीओसीच्या पेपरात दर प्रश्नाला 'अथवा' होता. त्यामुळे ट्युरिंग मशीन कसंबसं झालं आणि एनपी-कम्प्लीटनेस सगळ्या वर्गाने ऑप्शनला टाकला. सरांनीच सांगितलं, टाका. पम्पिंग लेमा, म्हणजे एखादी 'भाषा' (अक्षरांच्या ओळींचा संच) 'रेग्युलर' या साध्या प्रकारातली नाही हे सिद्ध करायचं साधन, आला तर एकच भाषा येणार हे ठरलेलं: आधी काही ए, मग तितकेच बी. ती रेग्युलर नाही याची सिद्धता आठ ओळींत पाठ. मार्क पडायचे पैकीच्या पैकी. इथे पहिल्या सेमिस्टरला दर आठवड्याला गणितांचा एक कागद यायचा, आणि त्यात ठरावीक टक्के मिळाले तरच परीक्षेला बसता यायचं. पहिल्याच कागदावर एक अनोळखी भाषा आणि खाली, "रेग्युलर आहे किंवा नाही ते ठरवा आणि सिद्ध करा." ठरवा! आम्हाला तर कायम आधीच सांगितलेलं असायचं की नाहीये.

म्हणजे सिलॅबस कमी पडत नाही. कागदावर आपला बीईचा अभ्यासक्रम कुठल्याही परदेशी बॅचलरच्या शेजारी मांडी घालून बसेल, माझं ठाम मत आहे. कमी पडतं ते सिद्ध करायची सवय. म्हणून माझा सल्ला, पटला तर घे: अर्ज टाकून झाला की उरलेले महिने नवीन फ्रेमवर्क शिकण्यात घालवू नकोस. टीओसी आणि डिस्क्रीट मॅथ्सची ऑप्शनला टाकलेली युनिटं काढ आणि कागद-पेनने कर. गेटचे (एमटेकच्या प्रवेश परीक्षेचे) जुने पेपर त्यासाठी चांगले, गेट द्यायची नसली तरी. बरेचसे पर्यायी उत्तरांचे प्रश्न आहेत, पण ठरवायला तुलाच लागतं.

इलेक्टिव्ह: कंपायलर घे. टीओसीत जे व्याकरण कोरडं वाटलं ते तिथे खरंच चालताना दिसतं, शिवाय गेटच्या सिलॅबसमध्येही तो मूळ विषयांत आहे, त्यामुळे तक्त्यात त्याला जागा शोधावी लागत नाही. ब्लॉकचेन बहुतेक ठिकाणी 'इतर'मध्ये जाऊन पडेल. अपवाद एकच: तुमच्याकडे कंपायलर शिकवणारे नुसत्या स्लाइड वाचणारे असतील आणि ब्लॉकचेनला कुणी जीव तोडून शिकवणारं असेल, तर मास्तर बघून घे, विषय बघून नको. कंपायलर नंतर स्वतःही करता येतो, पण मग तो मार्कशीटवर येत नाही, हेही लक्षात ठेव.

पॅटर्न कुठला ते तू लिहिलं नाहीस. विषयांची यादी कोडसकट टाक, सीट नंबर आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) झाकून, आणि ज्या कोर्सला अर्ज करतोयस त्याचं नाव. रविवारी वेळ आहे, तक्ता बघून देते. आधीचे दोन दिवस मात्र विचारू नकोस, ऑफिसात रिलीज आहे.