फुटबॉल क्लब नवीन खेळाडू घेताना नेमकं काय बघतात, आणि एवढा पैसा ओतूनही काही क्लबांची टीम का बनत नाही?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मँचेस्टर युनायटेडनं इतकी वर्षं पैसा ओतला तरी टीम उभी राहत नाही आणि ब्रायटनसारखा क्लब स्वस्तात पोरं आणून कोट्यवधीला विकतो, हे कसं काय. आणि शेवटी एक ओळ टाकलीय की आमच्या नाशिकरोडच्या टीमला यातून काही घेता येईल का. त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलोय, नाहीतर युरोपच्या ट्रान्सफरवर लिहिणारे इथं ढिगाने आहेत.

सरळ सांगतो. ज्या क्लबात पैसे देणारा माणूसच खेळाडू निवडतो त्या क्लबाची टीम बनत नाही, मग तो क्लब मँचेस्टरचा असो नाहीतर आमच्या नाशिकच्या सिडकोतला. निवडणारा वेगळा पाहिजे, त्याला खेळ कळला पाहिजे, आणि मनाविरुद्ध असलं तरी मालकाने त्याचं ऐकलं पाहिजे.

युनायटेडचंच घ्या. त्यांचा मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ला थांबला. त्यानंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम, प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, प्रत्येकाने आपल्या पसंतीची पोरं मागितली आणि पुढचा आला की आधीच्याची पोरं बाकावर. फुटबॉल डायरेक्टर हे पद क्लबाने पहिल्यांदा भरलं ते २०२१ मध्ये. तोपर्यंत सूत्रं होती एड वुडवर्डकडे, जो मूळचा बँकिंगमधला माणूस. डी मारियाला २०१४ मध्ये जवळजवळ ६ कोटी पौंड देऊन आणला, ब्रिटनमधला तेव्हाचा रेकॉर्ड, आणि वर्षभरात पॅरिसला विकून टाकला. पोग्बा तर त्यांच्याच अकॅडमीतला, २०१२ मध्ये करार संपवून युव्हेंटसला गेला, २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड मोजून परत आणला, तेव्हा जगातला सगळ्यात महाग खेळाडू, आणि २०२२ मध्ये परत करार संपवून निघून गेला, क्लबाच्या हातात छदाम आला नाही. टीममध्ये कुठली जागा रिकामी आहे हा प्रश्नच कोणी विचारलेला दिसत नाही.

उलट लिव्हरपूल बघा. २०१७ मध्ये सालाहला घ्यायच्या वेळी स्काउटिंगवाल्यांनी, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांनी, मॅनेजर क्लॉपच्या मागे लकडा लावला होता, घ्या घ्या म्हणून, आणि क्लॉपने ऐकलं. पहिल्याच सीझनला सालाहने लीगमध्ये ३२ गोल मारले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, सगळे म्हणाले टीम संपली, पण त्याच महिन्यात व्हॅन डायक आला होता आणि उन्हाळ्यात ॲलिसन आला. एक सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, आणि एक गोलकीपर. दोन्ही जागा खरंच रिकाम्या होत्या. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग.

ब्रायटनचं गुपित वगैरे काही नाही, ते दुसरे बघत नाहीत तिथे बघतात आणि थांबतात. कायसेडोला २०२१ मध्ये इक्वेडोरच्या क्लबातून ५० लाख पौंडांच्या आसपास आणला, मितोमाला जपानहून आणला आणि आधी एक सीझन बेल्जियमला खेळायला पाठवला. कायसेडो २०२३ मध्ये चेल्सीला गेला तो बोनस धरून साडेअकरा कोटी पौंडाला. विकायच्या आधीच त्या जागेवर पुढे कोण हे त्यांनी बघून ठेवलेलं असतं. बाकी वय, कराराची किती वर्षं उरलीत, दुखापती, डेटा, व्हिडिओ हे सगळं सगळेच बघतात, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही.

आता माझं सांगतो, कारण वरचं सगळं मला टीव्हीवर नंतर दिसलं, नाशकात आधी भोगलं.

काही वर्षांपूर्वी मी सिडकोतल्या एका क्लबाची टीम निवडायचो. आमच्याकडे लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, नव्हता. डाव्या पायाचा पोरगा आधी मिळत नाही आणि मिळाला तर त्याला विंगर (कडेने हल्ला करणारा) नाहीतर स्ट्रायकरच (पुढे गोल मारणारा) व्हायचं असतं, मागे थांबायला कोणी तयार नसतो. असंच एका रविवारी सातपूरला दोन कंपन्यांच्या पोरांची मॅच चालू होती, मैदान म्हणजे अर्धं गवत अर्धी खडी, तिथे एकजण दिसला. उंची बेताची, स्पीड बरा, बॉलवर काही जादू नाही. पण बॉल लांब असताना तो सारखा खांद्यावरून मागे बघत होता, पाठीशी कोण उभा आहे ते. पलीकडच्या बाजूला थ्रो-इन मिळाली की हा चार पावलं आत सरकायचा, आणि बाहेरून कोणी ओरडून सांगत नव्हतं हां. एकदा त्याच्या पायातून बॉल गेला, तर हात पसरून रेफ्रीकडे बघत उभा राहिला नाही, तसाच वळला, पळत गेला आणि त्या पोराच्या आणि गोलच्या मधे जाऊन थांबला. टॅकल पण घातली नाही, फक्त त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेलं. मी तिथंच ठरवलं की हा पाहिजे.

मॅच संपल्यावर बोललो. आयटीआय फिटर, अंबडला एका कारखान्यात ॲप्रेंटिस. म्हणाला, "दादा, येईन मी, पण थर्ड शिफ्ट असली की सकाळी सातला सुटतो." आमच्या मॅचेस रविवारी साडेआठला. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला पोरगा नव्वद मिनिटं कसा पळणार? मग मी त्याच्या सुपरवायझरला गेटवर जाऊन भेटलो, चांगला माणूस होता, त्याने शनिवारची पाळी दुसऱ्या पोराशी बदलून द्यायचं कबूल केलं, त्या बदल्यात ह्याने त्याच्या दोन सेकंड शिफ्ट करायच्या. असा आमचा ट्रान्सफर झाला.

इथली स्क्वॉड अशी बनते. कागदावर वीस-बावीस नावं आणि रविवारी मैदानावर बारा-तेरा. कोणाची शिफ्ट, कोणाचा क्लास, कोणाच्या घरचं लग्न. आमचा एक सेंटर बॅक दिंडोरीकडचा, घरी द्राक्षबाग, ऑक्टोबरच्या छाटणीला तो मिळायचाच नाही, म्हणून त्या जागेसाठी जूनपासून दुसरा पोरगा तयार करायला लागायचा. मोठ्या क्लबांत ह्यालाच स्क्वॉड डेप्थ म्हणतात आणि त्यासाठी माणसं ठेवतात. आमच्याकडे ते काम मी करायचो, फोनवर, शनिवारी रात्री.

तर तो लेफ्ट बॅक आला आणि टीमच बदलली. आमचा डावा विंगर खाली येऊन त्याला मदत करायचा, हा वर गेला की तो मागे थांबायचा, दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं, पण सरावाला रोज बरोबर असल्यामुळे जमून गेलं. त्या वर्षी एका मोठ्या टुर्नामेंटमध्ये बाहेरच्या जिल्ह्यांतल्या टीमा असताना आम्ही फायनलला गेलो.

आणि मग अध्यक्षांच्या अंगात आलं. फायनलला पाहुणे येणार, पेपरात फोटो येणार, आपली टीम भारी दिसली पाहिजे. मुंबईहून दोन स्ट्रायकर बोलवायचे, पर मॅच पैसे, गाडीभाडं वेगळं, नाशकातल्याच द्वारका सर्कलला लॉजवर रूम. मीटिंगच्या आधीच त्रिमूर्ती चौकात फ्लेक्स लागला होता, वर अध्यक्ष हात जोडून आणि खाली त्यातल्या एका स्ट्रायकरचा फोटो, आमच्या एकाही पोराचा नाही. मी मीटिंगला विचारलं, खेळवायचे कोणाच्या जागी? त्यावर अध्यक्ष म्हणाले, "पैसे मी टाकतोय ना?" बाकीचे सगळे खाली मान घालून चहा पीत बसले. मी परत विचारलं, कोणाच्या जागी? तर विषय बदलला.

जागा काढल्या त्या डाव्या बाजूच्या. विंगर बसवला. एक स्ट्रायकर जास्त म्हणून मिडफिल्डमधला एक कमी केला. आणि लेफ्ट बॅकला कोणीतरी "दिसायला" भक्कम पाहिजे म्हणून अध्यक्षांच्या ओळखीतला एक उंच पोरगा घातला, उजव्या पायाचा, त्या सीझनला सरावाला क्वचितच दिसलेला. मी ज्याची शिफ्ट बदलून आणली होती तो पूर्ण किट घालून, स्टड बांधून बाकावर बसला होता.

आम्ही ३-१ हरलो, त्यातले दोन गोल आमच्या डाव्या बाजूने आले. समोरच्या कोचला पहिल्या दहा मिनिटांत कळलं की इकडे दार उघडं आहे, तिकडूनच बॉल टाकत राहिला. मुंबईच्या पोरांना मी एका शब्दाने दोष देत नाही, दोघंही चांगले होते, आमचा एक गोल त्यातल्याच एकाने मारला. पण आमचा बॉल पुढे येतो कुठून हेच त्यांना माहीत नव्हतं, पोरांची नावं माहीत नव्हती, "ए सात नंबर" म्हणून हाका मारत होते. संध्याकाळी पाकीट घेऊन गेले. त्या पैशात सीझनभराचे बॉल आणि अख्ख्या टीमला किट आलं असतं.

अध्यक्ष आजही चारचौघांत सांगतात की कीपरमुळे हरलो. हे धादांत खोटं आहे. कीपर नसता तर पाच खाल्ले असते. तो लेफ्ट बॅक पुढच्या रविवारी आला नाही, आणि का यावं त्याने, दोन-दोन सेकंड शिफ्ट करून बाकावर बसायला? फोन केला तर म्हणाला, "दादा, तुमच्यावर राग नाही." नंतर तो दुसऱ्या टीमकडून खेळला, आता पुण्याला नोकरीला आहे. मी त्या सीझननंतर क्लब सोडला.

लोक मला म्हणतात की बाहेरचे आणल्याशिवाय टीम मोठी होत नाही. आणा ना, पण कसे आणायचे ते बघा. मुंबई सिटी क्लबाने २०२०-२१ मध्ये एफसी गोवाचा आधीचा कोच लोबेरा आणला आणि त्याच्याबरोबर फॉल, जाहू, बूमू, मंदार राव देसाई असे त्याच्याच हाताखाली खेळलेले आणले. त्याच सीझनला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची लीग शील्ड (साखळीत पहिला नंबर) आणि कप (फायनलचा) दोन्ही घेतले. कोच खालिद जमीलने पण हेच केलं, पैसा नसताना. मुंबई एफसी या दुसऱ्या क्लबाने त्याला सोडल्यावर तो मिझोरामच्या ऐझॉल क्लबात गेला, जो आदल्या सीझनला आय-लीग या देशातल्या लीगमधून खालच्या डिव्हिजनला गेला होता आणि मग परत घेतला गेला होता. तिथली स्थानिक पोरं होतीच, त्यात त्याने आशुतोष मेहता, जयेश राणे असे आपले ओळखीचे घातले आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकली, मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून. तोच माणूस २०२५ मध्ये भारताचा कोच झाला. नाव बघून आणलेला आणि जागा बघून आणलेला यातला फरक तो हाच.

आता पैशाचं. पैशाने काही होत नाही असं मी म्हणत नाही. ट्रान्सफरच्या रकमेपेक्षा पगाराचं एकूण बिल आणि लीगमधला नंबर यांचं नातं जास्त घट्ट असतं, आणि लांबच्या पल्ल्यात जास्त पगार देणारेच वर राहतात. इंग्लंडच्या लेस्टरने महरेझला फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून ५ लाख पौंडांच्या आत आणला, कांटेला ५६ लाखांच्या आसपास, २०१६ मध्ये लीग जिंकली, नजर असावी तर अशी. पण कांटे लगेच चेल्सीला गेला, पुढच्या वर्षी चेल्सी चॅम्पियन आणि लेस्टर बाराव्या नंबरवर. आणि आमच्या अध्यक्षांचंही एक मान्य आहे की मैदानाचं भाडं, रेफ्रीचे पैसे, नाश्ता सगळं तेच भरायचे, ते नसते तर क्लबच नसता. पैसे देणाऱ्याचा मान ठेवावा, फ्लेक्सवर फोटो छापावा, बक्षीस त्याच्या हस्ते द्यावं. टीमची यादी मात्र त्याच्या हातात देऊ नये.

तुमच्या नाशिकरोडच्या टीमबद्दल, मी तुमची पोरं बघितलेली नाहीत त्यामुळे एवढंच सांगतो. अकरा जागा कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे दोन नावं लिहा. जिथे दुसरं नाव सुचत नाही तिथलाच पोरगा शोधा, स्ट्रायकर आपोआप येतात, त्यांना शोधायला लागत नाही. टर्फवरच्या पाच-पाच जणांच्या मॅचेस बघून लेफ्ट बॅक कळत नाही, तिथे सगळेच भारी दिसतात. त्यासाठी सातपूर, अंबडच्या कंपन्यांच्या मॅचेस बघा, देवळाली कॅम्पकडे जा, आणि बॉलकडे न बघता बॉल नसलेल्या पोरांकडे बघा. पोरगा आवडला की आधी शिफ्ट विचारा. आणि तुमच्या कमिटीतल्या कोणी फायनलच्या तोंडावर बाहेरचा खेळाडू आणायची गोष्ट काढली तर सगळ्यांसमोर विचारा, कोणाच्या जागी, आणि नाव घेतल्याशिवाय त्याला पुढे बोलू देऊ नका.